ऑटोकॅडमध्ये लीडर लाइन्स : एकच डिटेल, दोन स्केल, नोट्स कशा लावायच्या?

कर्वेरोड_ड्राफ्टिंग
नमस्कार मंडळी. आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे आणि सध्या एका बंगल्याच्या टॉयलेटचं सेक्शन (उभा छेद) चाललंय. नेहमीचाच सन्क म्हणजे खाली घेतलेला स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), बेडिंग (टाइलखालचा मसाला), टाइल आणि नहाणी ट्रॅप. प्रत्येक थराला लीडर लावून नोट आहे, लीडर म्हणजे नोटपासून त्या थरापर्यंत नेलेली बाणाची रेघ. हेच सेक्शन एका शीटवर १:२० ला डिटेल म्हणून जातं आणि दुसऱ्या शीटवर १:५० ला पूर्ण बिल्डिंग सेक्शनमध्ये दिसतं. १:२० ला नोट नीट बसवल्या की १:५० ला अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि १:५० साठी मोठी केली की १:२० ला सगळा कोबा अक्षरांखाली झाकला जातो. सध्या आम्ही दोन वेगळ्या लेयरवर दोनदा नोट्स लिहून एकेक फ्रीझ करतोय, म्हणजे लपवतोय. पण टाइलची जाडी बदलली की दोन्हीकडे बदलायचं, आणि एकीकडे राहून गेलं तर साइटवर भलतंच व्हायचं.

दुसरं म्हणजे जुन्या फाइल्समध्ये एलई वापरून काढलेले लीडर आहेत आणि नव्या मुलांना एमएलडीची सवय आहे, दोन्ही लीडर काढायच्याच कमांड. मला ऑफिससाठी एकच पद्धत ठरवून टेम्प्लेटमध्ये घालायची आहे. रोज हे काम करणाऱ्यांनी नीट सविस्तर सांगा प्लीज, व्हिडिओच्या लिंका नकोत.

कॅडकट्टा
प्रश्न एकदम बरोबर मांडलाय. आधी एलई आणि एमएलडीचं सांगतो कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. एलई म्हणजे क्यूलीडर, ही जुनी कमांड. तिचा बाण, बाणाचा साइज, सगळं डायमेन्शन स्टाइलमधून येतं, म्हणजे डायमेन्शन स्टाइलला हात लावला की लीडरही हलतात. आणि त्यात बाणाची रेघ एक ऑब्जेक्ट, मजकूर दुसरा. एमएलडी म्हणजे मल्टिलीडर, तो ऑटोकॅड २००८ मध्ये आला, त्यात बाण, रेघ, लँडिंग (मजकुराजवळची छोटी आडवी रेघ) आणि मजकूर मिळून एकच ऑब्जेक्ट, आणि त्याची स्वतःची स्टाइल असते. अ‍ॅनोटेटिव्ह स्केलिंगही, म्हणजे शीटच्या स्केलप्रमाणे मजकुराचा आकार आपोआप बसणं, त्याच २००८ मध्ये आलं, आणि तुमच्या दोन स्केलच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

एमएलएस टाइप करा, स्टाइलची खिडकी उघडते. नवी स्टाइल करा. पहिल्या टॅबमध्ये रेघ स्ट्रेट ठेवा, स्प्लाइन नको, बाणाचा साइज २.५. दुसऱ्या टॅबमध्ये जास्तीत जास्त पॉइंट २, लँडिंग साधारण ३, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅनोटेटिव्हची खूण करा. तिसऱ्यात मजकुराची उंची २.५, ही कागदावरची उंची आहे, मॉडेलमधली, म्हणजे खऱ्या मापाच्या ड्रॉइंगमधली, नाही. आता १:२० ला सॉफ्टवेअर स्वतःच मॉडेलमध्ये ५० ची उंची काढेल आणि १:५० ला १२५ ची, तुम्हाला काही गुणाकार करायचा नाही.

मग मॉडेलमध्ये खाली उजवीकडे अ‍ॅनोटेशन स्केल १:२० करा, लीडर काढा. तो फक्त १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्येच, म्हणजे शीटवरच्या १:२० च्या चौकटीतच, दिसेल. ज्या ज्या नोट १:५० लाही हव्यात तेवढ्या सिलेक्ट करून राइट क्लिक, अ‍ॅनोटेटिव्ह ऑब्जेक्ट स्केल, त्यात १:५० अ‍ॅड करा. सगळ्या नोट १:५० ला लागतच नाहीत हो, पूर्ण बिल्डिंग सेक्शनमध्ये बेडिंगची जाडी कोण वाचणार? दोन-तीन मुख्य ठेवा, बाकीच्या १:२० वरच राहू द्या, त्या आपोआप दिसणार नाहीत. फ्रीझ करायचा लेयरही नको. आणि मजकूर एकच असल्यामुळे टाइलची जाडी एकदाच बदलायची.

एक काळजी घ्या. स्केलच्या यादीशेजारी विजेच्या खुणेसारखं बटण असतं, ते चालू असेल तर तुम्ही स्केल बदललं की ड्रॉइंगमधल्या सगळ्या अ‍ॅनोटेटिव्ह गोष्टींना ते स्केल चिकटतं. मी ते कायम बंद ठेवतो.

साइटवरचा_सिव्हिल
मी हे ड्रॉइंग कागदावर हातात घेऊन बाथरूममध्ये उभा राहणारा माणूस आहे, म्हणून माझंही ऐका. तुम्ही ऑफिसात ए१ ला बघता. साइटवर ए३ येतो. ए१ चा ए३ म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही बरोबर निम्मी, म्हणजे तुमचं २.५ चं अक्षर सव्वा मिलिमीटर. संध्याकाळी बल्बच्या उजेडात, सिमेंटच्या हातांनी धरलेल्या कागदावर सव्वा मिलिमीटर कुणाला दिसत नाही. ३.५ ठेवा, निम्मं झालं तरी पावणेदोन राहतं, वाचता येतं.

आणि बाणांबद्दल. १:२० ला २० मिमीचं बेडिंग कागदावर १ मिमी होतं. त्यावर २.५ मिमीचा भरीव बाण ठेवलात तर बाणच तीन थर व्यापतो. मिस्त्री मला विचारतो, "साहेब, हे कोबा का बेडिंग?" त्याचा प्रश्न बरोबर असतो, कारण बाण खरंच दोन्हीवर आहे. अशा पातळ थरांना बाण नकोच, बारीक ठिपका द्या. नाहीतर डिटेल १:१० ला काढा. आमच्याकडे एका साइटवर वॉटरप्रूफिंगचा बाण कोब्याच्या वरच्या रेघेला टेकलेला होता, आणि कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर वॉटरप्रूफिंग कोब्याच्या वर धरून चालला होता. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर तोडफोडीचा खर्च आणि वर भांडण.

भोसरी_टूलरूम
एलईला एवढं जुनं म्हणून बाजूला काढू नका. आमच्याकडे जिग-फिक्स्चर आणि मशीन पार्ट्स असतात, आणि जिओमेट्रिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात किती फरक चालेल त्याची, चौकट लीडरला लावायची तर एलईच लागते. एलई टाइप करून लगेच एंटर मारा, सेटिंग्जची खिडकी येते, अ‍ॅनोटेशनमध्ये टॉलरन्स निवडा, की लीडर काढून झाल्यावर थेट चौकट भरायला मिळते. मल्टिलीडरला मजकूर, ब्लॉक किंवा काहीच नाही एवढेच तीन पर्याय आहेत, टॉलरन्सचा पर्यायच नाही. चौकट वेगळी ठेवून नुसता बाण जोडता येतो, पण मग ते दोन वेगळे तुकडे झाले, एक हलवला की दुसरा तिथंच.

अजून एक सांगतो, कारण हे बघून मला राग येतो. भोकाला लीडर लावून हाताने "४ × ⌀८.५" लिहायचं आणि नंतर भोक बदलायचं. मजकूर तसाच राहतो. लीडरमधला मजकूर तुम्ही टाइप केलेला असतो, त्याला भोकाचं माप माहितीच नसतं. त्यापेक्षा डायमीटरचं डायमेन्शन द्या आणि टेक्स्ट ओव्हरराइडमध्ये "४ × <>" लिहा. त्या दोन कोनी कंसांच्या जागी मोजलेलं खरं माप येतं आणि भोक बदललं की तेही बदलतं. वर बाण आपोआप सेंटरच्या दिशेने जातो, जसा जायला हवा तसा. एम१० टॅपसाठी (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार) ८.५ चं ड्रिल लागतं, आणि त्या जागी जुनं ९ राहून गेलं तर टॅपचे आटे नीट धरत नाहीत. जॉब स्क्रॅप.

कॅडकट्टा
@भोसरी_टूलरूम दादा एकदम मान्य. टॉलरन्ससाठी एलई, बाकी सगळ्याला मल्टिलीडर. कर्वेरोडवाल्यांचं काम आर्किटेक्चरचं आहे म्हणून मी एलईकडे गेलोच नाही. भोकाचा मुद्दा मात्र सगळ्यांसाठी आहे, जे मोजता येतं ते लीडरमध्ये हाताने लिहू नये. खोलीचं क्षेत्रफळ लीडरमध्ये हवं असेल तर मजकूर एडिट करताना कंट्रोल एफ दाबून फील्ड घाला आणि खोलीच्या पॉलिलाइनचं एरिया जोडा, रीजेन (ड्रॉइंग ताजं करायची कमांड) केलं की नवा आकडा येतो.

बोर्ड_आणि_टीस्क्वेअर
मंडळी, मी जुन्या पिढीतला, सेट स्क्वेअर आणि रोट्रिंगच्या पेनांवर आयुष्य गेलं. सॉफ्टवेअर कुठलंही असो, लीडरचे नियम तेच आहेत आणि ते आपल्या एसपी ४६ मध्ये, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या ड्रॉइंगच्या पुस्तिकेत, दिलेले आहेत. नवीन मुलांना कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

लीडरचं टोक वस्तूच्या आतल्या भागात संपत असेल तर तिथे ठिपका. वस्तूच्या कडेच्या रेघेवर संपत असेल तर बाण. आणि डायमेन्शनच्या रेघेवर संपत असेल तर काहीच नाही, ठिपकाही नाही, बाणही नाही. एवढं पाळलं तरी मिस्त्रीचा तो कोबा का बेडिंगचा प्रश्न सुटतो. ठिपका थराच्या पोटात आहे म्हणजे तो थर, बाण रेघेला टेकलाय म्हणजे ती कड किंवा तो पृष्ठभाग. वॉटरप्रूफिंगसारख्या गोष्टीला, जी स्लॅबच्या पृष्ठभागावर लागते आणि ड्रॉइंगमध्ये एका रेघेएवढीच असते, तिथे बाण बरोबर आहे, पण तो नेमक्या त्याच रेघेला टेकला पाहिजे.

दुसरं, कोन. लीडर आडवा नको, उभा नको, आणि ज्या रेघेला टेकतो तिच्याशी ३० अंशांपेक्षा कमी कोन नको. ४५ अंश सगळ्यांना आवडतो पण सेक्शनमध्ये हॅचिंगच (कापलेल्या भागातल्या तिरक्या रेघा) ४५ चं असतं, लीडर त्यात विरघळून जातो. म्हणून मी ६० वापरायचो. लीडर एकमेकांना छेदायला नकोत, डायमेन्शनच्या रेघांना शक्यतो नकोत, आणि लांबच लांब ओढायला नकोत. एका बाजूचे सगळे लीडर एकमेकांना समांतर असले की ड्रॉइंग शांत दिसतं. रेघ बारीक, कडेची रेघ ०.५ असेल तर लीडर ०.२५.

कॅडकट्टा
काका, हे सगळं स्टाइलमध्ये बसवता येतं, म्हणून लगेच सांगतो. स्टाइलच्या दुसऱ्या टॅबमध्ये फर्स्ट सेगमेंट अँगलची खूण करून ६० निवडा, मग रेघ ६० च्या पटीतच जाते. फक्त १८० आणि शून्यही ६० च्या पटीत येतात, म्हणजे आडवी रेघ जाऊ शकते, तेवढं डोळ्याने बघायचं. आणि काढून झालेले वेडेवाकडे लीडर असतील तर एमएलए, म्हणजे मल्टिलीडर अलाइन. सगळे सिलेक्ट करा, कुठल्या एकाच्या रांगेत आणायचे तो दाखवा, आणि दिशा द्या. त्याच्या ऑप्शन्समध्ये रेघा समांतर करायचा आणि मधलं अंतर समान ठेवायचाही पर्याय आहे. दहा नोटांची उजवी बाजू मिनिटात सरळ होते.

ठिपक्यासाठी वेगळी स्टाइल करा. म्हणजे ऑफिसला दोन स्टाइल पुरेत, "नोट बाण" आणि "नोट ठिपका". बाकी सगळं सेम, फक्त पहिल्या टॅबमध्ये बाणाऐवजी डॉट आणि साइज लहान. प्रत्येक लीडरवर जाऊन प्रॉपर्टीजमध्ये बदलत बसू नका, ते ओव्हरराइड होतात आणि पुढे स्टाइल बदलली तरी ते ऐकत नाहीत.

कर्वेरोड_ड्राफ्टिंग
मंडळी खूप आभार, मी काल बसून स्टाइल बनवल्या आणि टॉयलेटचं सेक्शन त्यावर घेतलं. मजकूर ३.५ ठेवला, साइटवाल्या दादांचं पटलं. अ‍ॅनोटेटिव्ह चालतंय, १:५० ला तीनच नोट ठेवल्या, फारच स्वच्छ दिसतंय.

आता एक अडचण. १:५० ला त्याच नोटचा मजकूर ड्रॉइंगच्या मानाने मोठा होतो ना, त्यामुळे तो शेजारच्या भिंतीच्या डायमेन्शनवर चढतो. तिथून हलवला तर १:२० ला पण हलेल ना? आणि आमच्याकडे एकच मजकूर दोन-तीन ठिकाणी लागतो, २० मिमी प्लास्टर दोन्ही भिंतींना आहे, तर दोनदा लिहावं लागेल का?

कॅडकट्टा
मजकूर मूव्ह कमांडने हलवू नका, ग्रिपने, म्हणजे सिलेक्ट केल्यावर दिसणाऱ्या छोट्या खुणेने, हलवा. मूव्हने सगळ्या स्केलचे हलतात, पण ग्रिप धरून ओढलं तर फक्त चालू स्केलचाच हलतो. म्हणजे खाली स्केल १:५० करा, मजकुराचा ग्रिप धरून मोकळ्या जागी न्या, परत १:२० करून बघा, तो आपल्या जागी असेल. नोट सिलेक्ट केल्यावर दुसऱ्या स्केलची जागा फिकट दिसते तेच ते. खूपच गोंधळ झाला तर अ‍ॅनोरीसेट कमांड आहे, सगळ्या स्केलच्या जागा चालू स्केलवर येतात, मग नव्याने बसवा.

प्लास्टर दोनदा लिहायचं नाही. एकदा नोट लावा, मग एमएलई, म्हणजे मल्टिलीडर एडिट, लीडर सिलेक्ट करा आणि दुसऱ्या भिंतीवर क्लिक करा. एका मजकुरातून दोन रेघा निघतात. काढायचं असेल तर रिमूव्ह लीडर. पण मजकुराच्या एकाच बाजूला ठेवा, डावी-उजवी दोन्हीकडून रेघा काढल्या की वाचायला त्रास होतो.

आणि लीडर काढताना ऑस्नॅप (रेघेच्या नेमक्या बिंदूला चिकटवणारी सोय) चालू ठेवा. डिमअसोक ही सेटिंग २ असेल आणि बाण भिंतीच्या रेघेला स्नॅप करून लावला असेल तर भिंत हलली की बाणाचं टोक तिच्याबरोबर जातं, मजकूर जागेवर राहतो. हवेत क्लिक केलेला बाण हवेतच राहतो.

पौड_फाटा_इंटिरियर
मी थोडा वेगळा सूर लावते. आम्ही अ‍ॅनोटेटिव्हचा नाद सोडला आणि सगळे लीडर थेट लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या शीटवर, काढतो. व्ह्यूपोर्ट लॉक करायचा आणि वरून लीडर. मजकूर कायम ३.५, स्केलचा प्रश्नच नाही. इंटर्न मुलं येतात-जातात, त्यांना अ‍ॅनोटेटिव्ह समजावण्यात दिवस जातो आणि कुणीतरी ते विजेचं बटण चालू करून ठेवतंच, मग पूर्ण ड्रॉइंगमध्ये फिकट अक्षरांचा बाजार. लेआउटमध्ये जे दिसतं तेच प्लॉट होतं. फर्निचरच्या डिटेलला मला तरी हेच सोपं पडतं.

कॅडकट्टा
तुमच्या कामाला ते बरोबर आहे, फर्निचरचं डिटेल एकाच शीटवर एकदाच जातं. पण टॉयलेटचं सेक्शन हे पुढच्या प्रत्येक बंगल्यात कॉपी होणार. मॉडेलमधला अ‍ॅनोटेटिव्ह लीडर डिटेलबरोबर कॉपी होऊन जातो, लेआउटमधला मागेच राहतो. शिवाय मॉडेलमध्ये भिंत सरकवली की लेआउटमधल्या बाणाखाली काय आलं ते प्रत्येक शीटवर जाऊन बघायचं. जे पुन्हा वापरायचं त्याच्या नोट मॉडेलमध्ये, जे त्या शीटपुरतं त्याच्या लेआउटमध्ये. दोन्ही एकाच शीटवर मात्र मिसळू नका.

भोसरी_टूलरूम
लेयरचं कुणी बोललं नाही म्हणून. लीडरचा लेयर वेगळाच ठेवा. आमच्याकडे शीट मेटलचा डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) लेझरने कापणाऱ्याला जातो. एकदा एका पार्टीने लीडर आणि आउटलाइन एकाच लेयरवर पाठवलं आणि पत्र्यावर भोकाच्या कडेपासून एक तिरका चर कापून आला. नोटचा लेयर बंद करून, डीएक्सएफ परत उघडून बघून मगच पाठवायचं. आणि मल्टिलीडर एक्सप्लोड करून पाठवू नका, एक्सप्लोड केल्यावर बाण आणि रेघा साध्या एंटिटी होतात आणि कुठल्या लीडरच्या कुठल्या हेच कळत नाही.

असेंब्लीसाठी अजून एक. बलून, म्हणजे पार्टचा नंबर असलेले गोल, काढायचे तर मल्टिलीडरच्या स्टाइलमध्ये कंटेंट ब्लॉक करा, सर्कल निवडा, नंबर टाका. बोल्ट, वॉशर, नट असे एकाच जागी तीन असतात, तिथे एमएलसी, म्हणजे कलेक्ट, वापरा, तिन्ही बलून एका रेघेवर एकाखाली एक येतात. हे ब्लॉकवाल्या लीडरलाच चालतं, मजकुरावाल्याला नाही.

औंध_आयटीआय
मी ड्राफ्ट्समन सिव्हिलला आहे, दुसऱ्या वर्षाला. घरी लॅपटॉपवर लिब्रेकॅड आहे. त्यात लीडर आहे पण बाणाबरोबर मजकूर येत नाही, वेगळा लिहावा लागतो. ही सगळी गंमत त्यात कशी करायची?

कॅडकट्टा
लिब्रेकॅडमध्ये लीडर म्हणजे बाणाची रेघच, मजकूर वेगळाच. तिथे एक शिस्त ठेव, रेघ आणि मजकूर काढला की लगेच दोन्ही मिळून हलवायची सवय. फ्रीकॅडच्या टेकड्रॉमध्ये लीडरलाइन आणि बलून आहेत, ते बघ. आणि तू विद्यार्थी आहेस तर ऑटोडेस्कचं एज्युकेशन लायसन्स वर्षभरासाठी फुकट मिळतं, पात्र असेपर्यंत दरवर्षी रिन्यू होतं, त्यासाठी कॉलेजचा पुरावा लागतो. पण काकांनी सांगितलेले ठिपका-बाणाचे नियम आधी पाठ कर, ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतात.

साइटवरचा_सिव्हिल
कर्वेरोडवाल्यांना एक विनंती. टॉयलेटच्या थरांची नोट मराठीत द्या ना. ब्रिकबॅट कोबा, उताराची दिशा, ट्रॅपची लेव्हल एवढं तरी. आमचा मिस्त्री इंग्रजी अक्षरं ओळखतो पण वाक्य वाचत नाही, मराठीत असलं की मला विचारायला येत नाही, काम सुरूच करतो. आणि थर वरून खाली ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने नोट एकाखाली एक लिहा, सगळ्यात वर टाइल, सगळ्यात खाली स्लॅब. क्रम उलटा असला की बाण बघायच्या आधीच माणूस चुकतो.

कर्वेरोड_ड्राफ्टिंग
हो, करू. मी एक लीडर मराठीत लिहून बघितला पण सगळी प्रश्नचिन्हं आली.

कॅडकट्टा
टेक्स्ट स्टाइलमध्ये रोमन्स किंवा सिम्प्लेक्स अशी एसएचएक्स फॉन्टची फाइल असणार, त्यात देवनागरी नाही. मराठी नोटसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल करा, फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय, आणि मल्टिलीडरच्या तिसऱ्या टॅबमध्ये ती निवडा. उंची तीच ३.५. टाइप करताना युनिकोड कीबोर्ड वापरा, जुन्या डीटीपी फॉन्टमधून पेस्ट केलेलं चालत नाही. प्लॉट करायच्या आधी पीडीएफ काढून जोडाक्षरं बघा. मात्र मंगलमध्ये मात्रा-वेलांट्या वर-खाली जास्त जागा घेतात, म्हणून ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

कर्वेरोड_ड्राफ्टिंग
झालं. दोन इंग्रजी आणि दोन मराठी अशा चार स्टाइल टेम्प्लेटमध्ये सेव्ह केल्या, जुन्या चालू फाइल्समध्ये डिझाइन सेंटरमधून ओढून घेतल्या. उद्या ए३ प्रिंट घेऊन साइटवर जाते, मिस्त्रींना वाचायला देऊन बघते आणि काय निघतं ते इथे लिहिते.